प्रस्तावना : बोंडातल्या अळीचा पतंग

गुलाबी बोंडअळी ओळखणारी माणसे विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात गावोगाव भेटतात. बोंड फोडून आतली अळी दाखवणे, वेचणीत कवडी कापूस बाजूला काढणे, डोमकळी दिसली की खुडून चुरगाळणे, ही कामे कापूसवाल्याच्या घरातल्या शाळकरी पोरालाही येतात. पण त्याच घरातल्या कर्त्या माणसासमोर कामगंध सापळ्यातले पाच-पंचवीस करडे पतंग कागदावर ओतले आणि यातला बोंडअळीचा कुठला असे विचारले, तर तो जरा घुटमळतो. दोष त्याचा नाही. माहितीपत्रकांवर अळीचा फोटो मोठा आणि ठसठशीत असतो, पतंगाचा मात्र कुठेतरी कोपऱ्यात, तोही धूसर. पिकाचे नुकसान अळी करते, पतंग पिकाला तोंड लावत नाही, म्हणून लक्ष सगळे अळीकडे. अडचण अशी की अळी हाती लागते तेव्हा बोंड आधीच गेलेले असते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. वेळेवर दिसू शकतो तो पतंगच. हे पुस्तक त्या पतंगाचे आहे. तो दिसतो कसा, त्याचे गणगोत कोणते, ते कोणी कसे ठरवले आणि ते ठरवायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे का लागली, हे यात सांगायचे आहे.

आधी त्याला नीट पाहून घेऊ. बसलेला पतंग गव्हाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. पंख पसरून मोजले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड ते दोन सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांना तो मातकट करडा दिसतो आणि पाहणारा तिथेच थांबतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले की चित्र बदलते. पुढचे पंख अरुंद, करड्या-तपकिरी खवल्यांचे, त्यावर काळपट डागांचे वेडेवाकडे पट्टे. हे पट्टे दोन पतंगांवर हुबेहूब सारखे क्वचितच सापडतात. मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद, रुपेरी राखाडी, कडेला लांब केसांची झालर. या मागच्या पंखाचा आकार लक्षात ठेवावा. त्याचे टोक पुढे निघालेले असते आणि टोकाखालची कड आत वळलेली असते. ज्या कुलात हा पतंग मोडतो त्या कुलाची ही मोठी खूण. डोक्याकडे यावे तर दोन लांब मुखस्पृशा तोंडापासून निघून कपाळावर वळलेल्या, शेवटचा सांधा टोकदार. सोंडेच्या मुळाशी खवले असतात, हीही कुलाचीच खूण. आणि शृंगिकेच्या अगदी बुडच्या सांध्यावर पाच-सहा ताठ, लांब केसांची एक ओळ दिसते. सापळ्याच्या चिकट पत्र्यावर खवले झडून गेलेला, रंग उडालेला पतंग हाती येतो तेव्हाही ही केसांची ओळ कित्येकदा शाबूत असते. ती पाहायला शिकले की निम्मे काम झाले.

अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, चपटे, मोत्यासारख्या चमकेचे. ते कळीवर, बोंडाच्या बुडाशी, पाकळ्यांखालच्या हिरव्या आवरणात दडवलेले असते. अळी पहिल्या अवस्थांमध्ये पांढुरकी असते, डोके तेवढे काळपट. गुलाबी पट्टे चौथ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत येतात. लहान अळीला गुलाबी नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यासाठी ही नोंद. पतंग दिवसा पाचोळ्यात, ढेकळांच्या फटीत बसून राहतो; नर-मादीचे मिलन होते ते रात्रीच्या उत्तरार्धात. म्हणून शेतात दिवसभर राबणाऱ्यालाही तो दिसत नाही. हंगाम संपत आला की काही अळ्या कोषात जात नाहीत. सरकीचे दोन दाणे रेशमी धाग्याने एकमेकांना चिकटवून त्यात पडून राहतात. अशा अळ्या दोन वर्षांहून जास्त काळ जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. या पतंगाने जगभर प्रवास केला तो पंखांच्या बळावर कमी आणि सरकीच्या पोत्यांतून जास्त.

आपल्याकडे बोंडअळ्या तीन मानतात: हिरवी म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वर्गीकरण बरोबर आहे, तिघी बोंडेच खातात. पण पतंगांचे अभ्यासक या तिघींना एका घरात बसवत नाहीत. अमेरिकन बोंडअळी नॉक्टुइडी कुलातली, ठिपक्यांची आता नोलिडी कुलात गणली जाते आणि गुलाबी गेलेचिइडी कुलातली. पहिल्या दोघी एकमेकींच्या दूरच्या नात्यातल्या तरी आहेत. गुलाबीचा त्यांच्याशी संबंध मात्र फारच लांबचा. हा फरक ग्रंथालयापुरता असता तर त्यावर पुस्तक लिहायचे कारण नव्हते. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, जे मिळेल त्यावर पोसते आणि अर्धे शरीर बोंडाबाहेर ठेवून खाते. गुलाबीला आपल्याकडे कापसावाचून जवळजवळ दुसरे काही चालत नाही आणि ती बोंडाच्या आत, सरकीत तोंड खुपसून बसते. एकीसाठी केलेला उपाय दुसरीला लागू पडेलच असे नाही. तिघींना एकच नाव देऊन एकच औषध मारण्याची आपली सवय इथेच फसते.

आता जरा लांबून पाहू. फुलपाखरे आणि पतंग मिळून जो गण होतो त्यात जगभर सुमारे १,५७,००० जातींना नावे दिली गेली आहेत. त्यातली फुलपाखरे १९,००० सुद्धा नाहीत, बाकी सगळे पतंग. भारतात पतंगांच्या सुमारे दहा हजार जाती मानल्या जातात. संग्राहकांनी सोयीसाठी मोठे पतंग आणि सूक्ष्म पतंग असे दोन ढीग केले. हे ढीग निसर्गाने केलेले नाहीत. सूक्ष्म म्हटलेल्यांत काही मोठ्यांपेक्षा मोठे निघतात आणि उत्क्रांतीच्या हिशेबाने तर फुलपाखरे स्वतःच पतंगांच्या वंशवृक्षाची एक फांदी आहेत. तरी ढीग टिकले, कारण लहान पतंगाला टाचणी टोचून पंख पसरवणे हे कष्टाचे काम आणि माणसे कष्ट टाळतात. गेलेचिइडी हे अशा टाळलेल्यांमधले एक मोठे कुल आहे. त्यात साडेचार हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत. बटाट्यात शिरणारा पतंग याच कुलातला, कोठीतल्या गव्हा-भाताच्या दाण्यात वाढणारा पतंग याच कुलातला आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर सापडलेली, दक्षिण अमेरिकेतून आलेली टूटा हीही याच कुलातली. करड्या-तपकिरी रंगाचे, कुणाच्या नजरेत न भरणारे हे कुल आपल्या ताटापर्यंत पोचलेले आहे.

लहान पतंगांना नावे देण्याची परंपरा लिनियसपासून सुरू होते. १७५८ च्या त्याच्या ग्रंथात पतंगांच्या गटागणिक नावांचे शेवट ठरलेले आहेत आणि सूक्ष्म पतंगांच्या वाट्याला ‘एला’ हा शेवट आला. आपल्या पतंगाच्या ‘गॉसिपिएला’ या जातिनामात तो शेवट आजही आहे. त्याच्याआधीचे वंशनाम मात्र सारखे बदलत राहिले आणि त्या बदलांमध्येच या विषयाचा सगळा इतिहास सापडतो.

१८४२ मध्ये भडोचच्या सरकारी कापूस मळ्यातून काही नमुने लंडनला गेले. कंपनी सरकारने त्या काळात अमेरिकन कापूस हिंदुस्थानात रुजवायचा खटाटोप चालवला होता आणि त्या कापसाची बोंडे एक बारीक अळी पोखरत होती. नमुने पोचले विल्यम विल्सन साँडर्स यांच्याकडे. हे गृहस्थ पोटापाण्यासाठी लॉइड्समध्ये विम्याचा धंदा करत आणि कीटक हा त्यांचा छंद. त्यांनी १८४३ मध्ये या पतंगाचे वर्णन केले आणि त्याला डिप्रेसारिया या वंशात बसवले. आजच्या हिशेबाने डिप्रेसारियाचे कुलच वेगळे आहे. पण साँडर्सना हसायचे कारण नाही. त्या काळी वर्गीकरणाचा आधार होता वरवर दिसणारा आकार, रंग आणि ठेवण. त्या आधारावर चपट्या, करड्या पतंगाला चपट्या, करड्या पतंगांत बसवणे रास्त होते. या पद्धतीला मी रंगरूपाची परंपरा म्हणतो. तिची मर्यादा उघड आहे, तरी आज मोबाइलवर फोटो टाकून ‘हा कोणता पतंग?’ असे विचारणारे आपण सगळे त्याच परंपरेतले.

दुसरी परंपरा पंखातल्या शिरांची. तिचा सर्वांत मोठा पुरुष एडवर्ड मेरिक, इंग्लंडातल्या मार्लबरोच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. त्याने एकट्याने सूक्ष्म पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक जातींना नावे दिली. खवले बाजूला सारून पंखातल्या शिरा कशा फुटतात, कुठे मिळतात, हे भिंगाने पाहायचे आणि त्यावरून वंश ठरवायचा, अशी त्याची रीत. महाराष्ट्राशी त्याचा एक थेट धागा आहे. भारतातल्या सूक्ष्म पतंगांची त्याने केलेली वर्णने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेखमालेने छापून आली. म्हणजे आपल्या लहान पतंगांची नावनोंदणी मुंबईत छापली जात होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. अशा नोंदणीची गरजही होती. भारतातल्या पतंगांवरचा जॉर्ज हॅम्पसनचा चार खंडांचा ग्रंथ १८९२ ते १८९६ मध्ये निघाला, पण त्यात गेलेचिइडीसारखी कुले नाहीत. बारीक पतंग तिथेही बाहेरच राहिले. ती पोकळी भरायचे काम बिहारातल्या पुसा इथे बेनब्रिज फ्लेचर यांनी अंगावर घेतले. ते अळ्या पाळत, पतंग निघाला की तो मेरिककडे पाठवत आणि कोणती अळी कशावर जगते याच्या नोंदी १९२० पासून छापत गेले. माझ्या मते आपल्या सूक्ष्म पतंगांच्या अभ्यासात मेरिकपेक्षा फ्लेचरचे ऋण मोठे आहे. नाव देणारा टाचणीवरचा मेलेला पतंग पाहतो. पाळणाऱ्याला अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा जीव दिसतो.

मेरिकने १८९५ मध्ये प्लॅटिएड्रा हा वंश उभा केला आणि पुढे बरीच वर्षे आपला पतंग प्लॅटिएड्रा गॉसिपिएला या नावाने ओळखला गेला. जुन्या कृषी अहवालांत, जुन्या पाठ्यपुस्तकांत हेच नाव आढळते. मधल्या काळात तो गेलेचिया या वंशातही राहून आला. दरम्यान पतंग स्वतः स्वस्थ बसला नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानातल्या सरकीबरोबर इजिप्तला गेला, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत उतरला आणि १९१७ मध्ये टेक्साससारख्या कापसाच्या राज्यात सापडल्यावर अमेरिकेत गोंधळ उडाला. तिथल्या कृषी खात्याने ऑगस्ट बुस्क या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या पतंगतज्ज्ञाला आधीच, १९१५ मध्ये, हवाई बेटांवर या किडीच्या अभ्यासाला धाडले होते. बुस्कने १९१७ मध्येच पेक्टिनोफोरा हा नवा वंश केला आणि गॉसिपिएलाला त्यात हलवले. मेरिकच्या बाजूचे लोक ते मानेनात. पुढची चाळीस वर्षे एकाच पतंगाला दोन वंशनामे चालत राहिली, कुणी हे लिही, कुणी ते.

हा तंटा मिटला तो तिसऱ्या परंपरेमुळे, जननांगांच्या. नराच्या पोटाच्या टोकाशी असलेली पकड आणि मादीच्या आतली नळी-पिशवी यांची ठेवण जातीगणिक वेगळी असते. पोटाचे टोक कास्टिक पोटॅशमध्ये शिजवायचे, मऊ झाले की काचपट्टीवर उलगडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, असे हे काम. मेरिकला ही पद्धत मुळीच पटत नसे. पतंग मोडून ओळखायचा हे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर त्याचेच हजारो मूळ नमुने दुसऱ्यांना याच पद्धतीने पुन्हा तपासावे लागले. आपल्या पतंगाबाबत या पद्धतीचे फळ ऑस्ट्रेलियात मिळाले. क्वीन्सलंडमधल्या कापसावर जी गुलाबी अळी होती ती वेगळ्याच जातीची निघाली आणि १९२६ मध्ये होल्डवे यांनी तिला स्क्युटिजेरा हे जातिनाम दिले. पुढे १९५८ मध्ये इयान कॉमन यांनी गुलाबी बोंडअळ्यांचा साराच वंश नव्याने मांडला, पेक्टिनोफोरा हे नाव पक्के केले आणि तिसरी एक जात, एन्डेमा, उजेडात आणली. वंशात एकूण जाती तीन. त्यातल्या दोन ऑस्ट्रेलिया आणि त्या बाजूच्या, जास्वंद-भेंडीच्या कुलातल्या रानवनस्पतींवरही राहणाऱ्या, आणि तिसरी आपली, जगभर पसरलेली. तिघी वरून पाहिल्या तर एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

यातून एक वाद निघाला, तो अजून रंगतो. भावंडे ऑस्ट्रेलियात, तर हा मूळचा भारतीय कसा? कॉमन यांचा कल त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य बाजूपासून इंडोनेशियापर्यंतच्या पट्ट्यात शोधण्याकडे होता. दुसरा पक्ष म्हणतो की कापूस इथे हजारो वर्षे पिकतो, पहिले नमुने इथले, म्हणून घरही इथलेच. भावंडांचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. पहिला नमुना कुठे सापडला यावरून नमुने गोळा करणारे कुठे होते एवढेच कळते. पुस्तकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत, वाचकाने आपले मत करावे. मूळ घराचा हा प्रश्न कोरडा नाही, कारण एखाद्या किडीचे नैसर्गिक शत्रू शोधायचे तर ते तिच्या मूळ घरी शोधतात.

चौथी परंपरा आजची, जनुकांची. २००३ पासून एका ठरावीक जनुकाच्या तुकड्यावरून जाती ओळखायची पद्धत रूढ झाली आणि अळी, कोष, तुटका पंख, काहीही असले तरी नाव काढता येऊ लागले. गेलेचिइडी कुलाची अंतर्गत मांडणी २०१३ मध्ये जनुकांच्या आधारावर नव्याने झाली. तीत पेक्टिनोफोरा, मेरिकचा प्लॅटिएड्रा आणि कोठीतल्या धान्याचा पतंग सिटोट्रोगा हे जवळच्या नात्यात आले. बुस्क आणि मेरिक दोघेही थोडेथोडे बरोबर निघाले, वंश वेगळे पण गोतावळा एक. मात्र जनुकांनी मागच्या सगळ्यांना निकालात काढले असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. जनुकाचा तुकडा कुणाशी जुळवायचा? ज्याच्या अंगावर नावाची चिठ्ठी आहे अशा नमुन्याशीच. ती चिठ्ठी लिहिली आहे साँडर्स, मेरिक, कॉमन यांनी. शिवाय नावे अजूनही हलत आहेत. टोमॅटोवरच्या टूटाला २०२१ मध्ये बटाट्याच्या पतंगाच्या वंशात, फ्थोरिमियात, हलवले गेले. आपल्या सल्लापत्रकांत ती टूटाच राहिली आहे आणि बहुधा पुढची वीस वर्षे राहील.

सिटोट्रोगाशी असलेल्या या नात्याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण माझ्या लेखी या पुस्तकाचे प्रयोजन तिथे आहे. गुलाबी बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते तो दोन रसायनांचे सारख्या प्रमाणातले मिश्रण आहे, हे १९७३ मध्ये कळले. या मिश्रणाला गॉसिप्लूर म्हणतात आणि आपल्या कामगंध सापळ्यातल्या गोळीत तेच असते. पुढच्याच वर्षी कोठीतल्या धान्यपतंगाच्या मादीचा गंध ओळखला गेला. तो निघाला त्याच दोन रसायनांपैकी एक. एक कापसाच्या बोंडात सरकी खातो, दुसरा कणगीत भाताचा दाणा. जगणे वेगळे, घर वेगळे, पण दोघेही बी पोखरून आत राहणारे आणि गंधाची भाषा निम्मी सारखी. वर्गीकरण करणाऱ्यांनी शिरा आणि जननांगे पाहून जे नाते जुळवले होते त्याला रसायनाने असा दुजोरा दिला.

आता सापळ्याकडे वळू. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी सांगतात ती अशी: एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस. हा आकडा ओलांडला की फवारणीचा विचार करायचा. आकडा पतंगांचा आहे, पण कोणत्या पतंगांचा हे तो आकडा सांगत नाही. गंध ज्याला ओळखीचा आहे तो धान्यपतंग गोदामाजवळच्या, खळ्याजवळच्या सापळ्यात आला तर नवल नाही. शिवाय नुसत्या योगायोगाने येऊन अडकणारे करडे जीव वेगळेच. धान्यपतंग निराळा काढता येतो: रंग गवती पिवळसर, अंगावर काळे पट्टे जवळजवळ नाहीत, मागच्या पंखाचे टोक बोटासारखे लांब निघालेले आणि त्याची झालर पंखाच्या रुंदीहून लांब. हे पाहायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट न दिल्यामुळे आठाचे पाच होऊ शकतात किंवा पाचाचे आठ, आणि फवारणीचा निर्णय चुकीच्या बाजूला पडू शकतो. पैसा जातो तो जातोच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरून फवारणीविषयी लिहिता येत नाही.

हा विषय आत्ताच का, याचे उत्तर बीटी कापसाच्या कहाणीत आहे. भारतात बीटी कापूस २००२ मध्ये आला, एका विषारी प्रथिनाचा. २००६ मध्ये दोन प्रथिनांचा आला. पहिली काही वर्षे तिन्ही बोंडअळ्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या आणि पतंग ओळखण्याची कला, जी होती तीसुद्धा, विसरली गेली. गरजच राहिली नव्हती. २०१० मध्ये गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसरेही निष्प्रभ ठरू लागले आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात ती उसळली. हिरवी बोंडअळी तशी उसळली नाही. का, याचे बरेचसे उत्तर आहारात आहे. हिरवीला तूर-हरभऱ्यावर बिगर-बीटी अन्न आपसूक मिळते, तिथे वाढलेले पतंग प्रतिकारक पतंगांशी मिसळतात आणि प्रतिकार पातळ होतो. गुलाबीला कापसावाचून थारा नाही, म्हणून तिच्यासाठी बिगर-बीटी कापसाच्या ओळी मुद्दाम लावायला हव्या होत्या. बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट त्यासाठीच येई. बहुतेक ठिकाणी ते पेरलेच गेले नाही. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे, आणि वर फरदड, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत बोंडे आयती हजर. उलट अमेरिकेत बीटी कापूस, वंध्य केलेले पतंग सोडणे आणि गंधाने मिलनात अडथळा आणणे, ही सगळी हत्यारे एकत्र वापरून २०१८ मध्ये ही कीड संपल्याचे जाहीर झाले. त्यांची एकत्र, मोठी शेते आणि आपली दोन-चार एकरांची विखुरलेली शेते यांत फरक आहे. त्यांचा पाढा इथे जसाच्या तसा म्हणता येणार नाही. पण त्यांच्या यशाचा पाया सापळ्यातला प्रत्येक पतंग ओळखून मोजण्याचा होता, तेवढे तरी घेण्यासारखे आहे.

या पुस्तकात फवारणीचे वेळापत्रक नाही. औषधांची नावे आणि मात्रा दर हंगामाला बदलतात, त्यासाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे आहेत. इथे पतंगाचे शरीर आहे, चित्रांसह. त्याच्याशी गफलत होऊ शकणाऱ्या जातींची तुलना आहे. आणि वर सांगितलेल्या चार परंपरांनी त्याच्याकडे कसे पाहिले त्याची हकीकत आहे. भावंडे आणि चुलत भावंडे यांना मुद्दाम बरीच पाने दिली आहेत, कारण एकट्या जातीचे वर्णन वाचून ती ओळखता येत नाही, शेजारी कोण आहे ते माहीत असावे लागते. कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी, गावोगाव हिंडणारा कृषी सहायक आणि सापळे लावणारा शेतकरी हे वाचक मनात धरले होते. लिहिता लिहिता चौथा वाचक आला: पावसाळ्यात पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांचे फोटो काढणारी तरुण मंडळी. महाराष्ट्रात त्यांची संख्या वाढते आहे आणि ‘मॉथ्स ऑफ इंडिया’सारख्या संकेतस्थळांवर त्यांच्या नोंदी भराभर जमतात. त्यांना माझी एक तक्रार ऐकवायची आहे. अ‍ॅटलास पतंग आणि चंद्रपतंग यांचे शेकडो फोटो निघतात, पडद्याच्या खालच्या कडेला बसलेला करडा पतंग मात्र कुणी टिपत नाही. या कुलात फोटोवरून जातीपर्यंत पोचणे कित्येकदा अशक्य असते, हेही आधीच सांगतो. अशा वेळी कुलापर्यंत थांबावे, ओढूनताणून नाव देऊ नये.

परिभाषेबद्दल दोन शब्द. गण, कुल, वंश, जाती ही उतरंड मराठी विश्वकोशाच्या वळणाने वापरली आहे. शास्त्रीय नावे देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील अशी. शेतीतले शब्द शेतातले आहेत. पाते, डोमकळी, पऱ्हाटी, फरदड यांना पुस्तकी पर्याय शोधले नाहीत.

पुस्तक हाती घेणाऱ्याने दहापट भिंग, टोकदार चिमटा आणि झाकणाच्या लहान डब्या एवढे सामान जवळ ठेवावे. सापळ्यातला पतंग खवले झडण्याआधी, शक्यतो सकाळीच काढावा. डबी रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली की पतंग न मोडता हाताळता येतो. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक आणि सापळ्यात कोणती गोळी होती ते पेन्सिलीने लिहावे, शाई ओल धरते. मग आधी मागचा पंख पाहावा, नंतर शृंगिकेचे बूड. रंगाकडे सगळ्यात शेवटी.